रिकामा बुधवार

हौसा कासारीण जे बोलली ते तिने श्रीपतीला ऐकवण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. ती पडवीत ऐसपैस बसून त्याच्या बायकोच्या, मथुरेच्या हातात बांगड्या भरत होती आणि हा आत माजघरात, उद्याच्या मुंजीला नेसायचा सोवळ्याचा मुकटा झटकत उभा होता. मुंज दादासाहेब वकिलांच्या घरची, तेव्हा बांगड्याही त्यांच्याचकडून. हौसाने सकाळपासून निम्मी आळी उरकली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. बांगड्या भरताना एक आवाज ठरलेला असतो. कासारीण हात चेपते, अंगठा आत मुडपते, आणि बाई "आई गं" म्हणून ओठ चावते. श्रीपती नकळत त्या "आई गं"ची वाट पाहत होता. ती आलीच नाही. नुसती काच किणकिणली, आणि मग हौसा म्हणाली, "वैनी, ह्यो माप न्हाय व्हायचा. बघा, सरळ कोपरापावत गेली नि सरळ खाली आली. ह्यो हात हाय का जळणाची फाटी? पोरींच्या मापाच्या काढतंय." मथुरा हसली. "घाल गो. पुन्हा पोर झाल्ये असं समजू." मग दोघी हसल्या, हौसाने पेटीतून लहान मुलींच्या बांगड्या काढल्या, आणि त्या मात्र हाताला बरोबर बसल्या.

श्रीपतीच्या हातात मुकटा तसाच राहिला. त्याचं डोकं सकाळपासून हलकं होतं, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि हे सगळं त्याला नेहमीचं होतं. कालपासून त्याच्या पोटात चहा आणि पाणी यापलीकडे काही गेलेलं नव्हतं. मोठ्या पंगतीआधी तो पोट मोकळं ठेवत असे. रत्नागिरीत कुणाच्या गळ्याचं कौतुक होतं, कुणाच्या बागेतल्या हापूसचं. श्रीपतीच्या पोटाचं होतं. दादासाहेबांकडे तो कारकून होता, अक्षर वळणदार होतं, जुने दावे त्याला पाठ होते. पण मुंबईहून बोटीने कुणी पाहुणा उतरला की दादासाहेब त्याची ओळख करून देत ती अशी: "हे आमचे श्रीपतराव. यांच्यापुढे जिलबीची परात ठेवा आणि मजा बघा." पाहुणा मग त्याच्या पोटाकडे बघे, ते सपाट दिसलं की आणखीच खूष होई, आणि "जातं कुठे हो एवढं?" असं विचारी. श्रीपतीही हसे. जातं कुठे ते त्याला ठाऊक होतं. उद्याच्या मुंजीला तर दादासाहेबांनी मुरूडहून भिकंभटांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दापोलीकडे जेवणाऱ्यांत भिकंभटांचं नाव होतं, तसं इकडे याचं. दोघांना शेजारी बसवायचं, मधे परात ठेवायची आणि सबंध मांडवाने बघायचं असा बेत होता. गेला महिनाभर दादासाहेब बटूपेक्षा या दोघांचीच काळजी जास्त करत होते.

पण आता त्याला दाराच्या फटीतून दिसत होता तो हात. मनगटाचं हाड वर आलेलं, त्याखाली लाल-हिरव्या पोरकट बांगड्या. मथुरा मुळात अंगाने बारीक, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. लग्नात ती बारीक नव्हती. लग्नात तिच्या दंडात वाकी रुतली होती आणि काढताना लोणी लावावं लागलं होतं, तिच्या मावशीने त्यावरून केवढी चेष्टा केली होती. आज हिने काय खाल्लं असेल? हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याने विचारला नव्हता, कारण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. नवरा जेवून उठला की बायको त्याच्याच पानावर बसते. सगळ्या आळीत हेच होतं, त्यात विशेष काही नव्हतं. नवऱ्याला कचेरीत उशीर झाला तर ती उपाशी थांबते, तो आला की दोघांचं होऊन जातं. ज्या कुणी हा रिवाज घालून दिला त्याने श्रीपतीसारखा नवरा हिशेबात धरला नसणार. हा दर थोड्या दिवसांनी म्हणायचा, "आज वाढू नको, पोट मोकळं ठेवतोय," आणि ती "बरं" म्हणून निखाऱ्यांवर पाणी मारायची. पंगतीनंतर तर त्याला अन्नाचा वासही सोसत नसे, तेव्हाही तेच. निखारे विझल्याचा तो चर्र आवाज तो ओटीवर बसून ऐकत असे आणि त्याला वाटे, चला, घरातलं काम आटोपलं. तिने कधी तक्रार केली नाही. केली असती तर आपण चिडलो असतो, हेही त्याला माहीत होतं.

मुकटा परसातल्या दोरीवर टाकता टाकता त्याला आणखी एक गोष्ट आठवली आणि तो त्या वैशाखाच्या उन्हात तसाच उभा राहिला. कितीतरी महिन्यांत त्याने स्वयंपाक केला नव्हता. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मथुरेला कावळा शिवला की ते तीन दिवस चूल त्याच्याकडे असे. ती पडवीच्या टोकाला बसून तिथून सांगायची, "मीठ विसराल हो!" आणि तो नेमकं मीठ विसरायचा. त्याला ते दिवस आवडत. आपल्या हातचा भात खाताना त्याला भीती वाटत नसे, का ते त्याने कधी शोधलं नव्हतं. ते दिवस येईनासे झाले होते. पहिल्यांदा चुकले तेव्हा त्याने मनातल्या मनात पाळणा टांगला होता, तिनेही टांगला असणार. पण पुढे काही झालं नाही. वैद्यांनी काढे दिले. शेजारच्या येसूबाईंनी सोमवार धरायला सांगितले, म्हणजे आणखी उपास. सगळे तिच्या पोटात दोष शोधत होते. तिच्या पोटात अन्न नाही एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, आणि ज्याच्या यायला हवी होती तो गृहस्थ उद्याच्या जिलबीसाठी स्वतःचं पोट मोकळं ठेवत होता. त्याला स्वतःचा असा संताप आला की दोरीवरचा मुकटा त्याने पुन्हा ओढून काढला आणि पुन्हा वाळत घातला.

त्या संध्याकाळी तो चुलीपाशी जाऊन म्हणाला, "आज वाढ." मथुरेने वर पाहिलं. "उद्या पंगत आहे ना तुमची?" तो म्हणाला, असू दे. तिने घाईघाईने भात टाकला, पाट मांडला, आणि तिच्या हालचालींत एवढा आनंद होता की त्याला बघवेना. पान समोर आलं. वरणभात, लिंबाची फोड, बोटभर लोणचं. एवढंच. त्याने घास कालवला आणि हात तिथेच थांबला. उद्या मांडवात सगळे बघतील, आणि आज इथे भात जाऊन बसला तर उद्या जिलबी कुठे जाईल? दादासाहेबांचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं. कपाळावर घाम फुटला. घास तोंडाशी नेला की घसा आपोआप आवळत होता. तो पान तसंच टाकून उठला, ओटीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने चर्र आवाज झाला.

पोट मोकळं ठेवायला श्रीपतीला कुणी शिकवलं नव्हतं. राजापूरकडच्या एका खेड्यातून, आई नाही, बाप नाही, अशा अवस्थेत तो इंग्रजी शाळेसाठी रत्नागिरीत आला, तेव्हा चार भल्या माणसांनी त्याला जेवणाचे वार लावून दिले. प्रत्येक वाराचं एक घर, त्या घराचा एक वास. सोमवारच्या घरी आमटी गोड. शुक्रवारच्या घरी मालकीणबाई वाढण्याआधी पातेल्यात डोकावून बघत. बुधवारचं घर मिळालं नाही. "बघू पुढे," असं सगळे म्हणाले, आणि पुढे ते विसरून गेले. विसरले म्हणून त्यांना वाईटही म्हणता येत नाही, प्रत्येकाने आपापला वार चोख सांभाळला होता. मंगळवार दादासाहेबांच्या घरी होता. तेव्हा त्यांचे वडील होते आणि दादासाहेब नुकतेच वकिली शिकून मुंबईहून परतले होते. मंगळवारी श्रीपती दोन दिवसांचं जेवायचा. आधी मान खाली घालून, कुणाला कळू नये असा. मग तरुण दादासाहेबांच्या लक्षात आलं. "अरे, हा पोरगा बघा, केवढा भात उचलतोय!" त्यांनी आणखी वाढायला लावलं. त्याने तेही संपवलं. सगळं घर स्वयंपाकघराच्या दारात जमलं, आणि रत्नागिरीत आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे पाहून खूष होऊन हसलं. पोटात जागा उरली नव्हती, घशाशी आलं होतं, पण ते हसणं थांबू नये म्हणून तो खात राहिला. मग मागच्या आगरात, एका पोफळीच्या बुंध्याशी, सगळं आपोआप बाहेर आलं. तो रडला. पण रडून झाल्यावर अंग इतकं हलकं झालं, आतून इतकं धुतल्यासारखं वाटलं, की त्याला त्या सुखाचीच शरम वाटली. मंगळवारचं अन्न मातीत गेलं होतं आणि उद्या बुधवार होता. पुढे एकदा आपोआप आलं नाही, तेव्हा त्याने दोन बोटं घशात घातली.

आता त्याच्या घरात तांदळाची कोठी भरलेली असे, पडवीत नारळ पडलेले असत. बुधवार केव्हाच संपला होता, पण ते त्याच्या पोटाला कुणी सांगितलं नव्हतं. भरल्या पानावर बसला की आत कुणीतरी म्हणे, खाऊन घे, उद्या नाही. आणि खाऊन झालं की तोच आवाज म्हणे, एवढं खाल्लंस? काढ ते, काढून टाक. लोकांना वाटे, याला जेवणाची आवड आहे. आवड! जिलबी गोड लागते की कशी लागते हे त्याला सांगता आलं नसतं. पहिल्या दोन घासांनंतर त्याच्या तोंडाला चव म्हणून कळत नसे, नुसता एक वेग असे, आणि कधी एकदा हे सगळं मागच्या दारी जाऊन संपवतो एवढाच विचार. पुढचे दात झिजले होते, गार पाणी झोंबे. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी दात लागून लागून घट्टे पडले होते. गालाखाली सूज असे, तिला गाव खाल्ल्या अन्नाचं तेज म्हणत असे. गेल्या श्रावणात एकदा रक्त पडलं होतं. त्याने स्वतःला सांगितलं, विड्याचा रंग असेल. आणि त्या दिवशी त्याने विडा खाल्लेला नव्हता.

मागच्या दारी शेवग्याखाली ती जागा होती. पंगतीहून आला की तो परसातून परस्पर तिकडे जाई, आणि मग ओटीवर डोळे मिटून पडून राही. नंतर कधी तिकडे गेला तर तिथे राख पसरलेली असे, वरून माती सारखी केलेली. वर्षानुवर्षं असे. राख काही आपल्या पायांनी चुलीतून चालत जात नाही, एवढं वकिलाच्या कारकुनाला कळायला हरकत नव्हती. पण त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. येसूबाई म्हणत, तुझी मथुरा भारी नखऱ्याची हो, कुठल्या घरी बायकांच्या पंगतीला म्हणून थांबत नाही, डोकं दुखतंय म्हणते आणि पळते. श्रीपती तेव्हाही हसला होता. पुरुषांची पंगत उठली की ती उपाशीच घरी का पळते, हे आज, बांगड्यांच्या त्या किणकिणीनंतर, त्याला लख्ख कळलं. ती राख टाकायला पळत होती.

बुधवारी मुंज लागली. मांडवात झावळ्यांमधून ऊन गळत होतं, सनई चालू होती, जिलबीच्या कढईचा वास पार दगडी गडग्याबाहेर पाणंदीत येत होता. पुरुष मंडळी हातपाय धुवायला विहिरीवर गेली. भिकंभट तिथे आधीच होते. साठीचा माणूस, उंच, खांदे पडलेले. गाल मात्र भरलेले. श्रीपतीने रहाटाचं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं, त्यांनी हात चोळले, आणि त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी त्याला ते घट्टे दिसले. तेच, त्याच जागी, फक्त जुने आणि काळे पडलेले. त्याच्या हातातला तांब्या थांबला. भिकंभटांनी वर पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं. सनई वाजत होती. म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि अगदी हळू विचारलं, "तुमचा कुठला वार रिकामा होता?"

श्रीपतीला वाटलं आपण इथे या जांभ्याच्या पायरीवर बसूनच रडणार. जगात हे दुसऱ्या कुणाला असेल अशी कल्पनासुद्धा त्याने केली नव्हती. हे आपलं एकट्याचं घाणेरडं गुपित आहे, आपल्यापासून सुरू झालं आणि आपल्याबरोबर शेवग्याखाली जिरेल, असं तो धरून चालला होता.

"बुधवार," तो म्हणाला.

"माझा शनिवार. शनिवारी मारुतीपुढचं खोबरं मिळायचं. तेवढ्यावर काढायचा." भिकंभटांनी पंच्याला हात पुसले. "तुम्ही अजून तरणे आहात हो. मला मेलं आता झेपत नाही. गेल्या खेपेला वाटलं, पोफळीखालीच राहतो की काय. पण लोक मानाने बोलावतात. नाही कसं म्हणायचं?" मग बटूचा कुणी काका "चला, चला, पानं मांडली" म्हणत आला आणि दोघे मांडवाकडे वळले.

त्यांची पानं शेजारी शेजारी होती, भोवती इतरांपेक्षा मोठी रांगोळी. समोर पाहुण्यांनी जागा धरून ठेवल्या होत्या. दादासाहेब सोवळं नेसून येरझारा घालत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "सावकाश होऊ द्या, खरी मजा पुढे आहे." वाढप झालं. श्रीपतीने तळहातावर पाणी घेतलं, आपोशन घेतलं, आणि वरणभाताचा पहिला घास तोंडात घातला. दोन दिवसांच्या उपाशी पोटात तो घास उतरला तसा आतला आवाज जागा झाला. खाऊन घे. तो मुद्दाम सावकाश चावू लागला. वरण गोडं होतं. त्यात हिंग जरा जास्त होता. हे कळलं याचंच त्याला नवल वाटलं. अळूच्या भाजीत दाणे होते. त्याने एक दाणा दाताखाली फोडला, त्याची चव घेतली, मग दुसरा. शेजारी भिकंभट खाली मान घालून, कुठल्या तरी लांबच्या गावी चालत निघालेल्या माणसासारखे जेवत होते. मसालेभात आला. तोही त्याने थोडा खाल्ला, आणि पोटात एका जागी एक मऊ, ऊन असा ऐवज तयार झाला, जो अजून दुखत नव्हता. एरवी ही जागा कधी येते आणि कधी मागे पडते हे त्याला कळतसुद्धा नसे.

तेवढ्यात पानावर एक हात आला. मसालेभातावर तूप वाढायचं काम दादासाहेबांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, मथुरेकडे दिलं होतं. ती ओळीने वाकत येत होती. तुपाचं भांडं काही फार जड नव्हतं, पण प्रत्येक पानाशी ती ते दुसऱ्या हाताने सावरत होती. मनगटावर त्या लाल-हिरव्या पोरींच्या बांगड्या. ती वर बघत नव्हती, चारचौघांत नवऱ्याकडे कोण बघतं? तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ कोरडे होते. तिने काल खाल्लं नाही. परवा खाल्लं नाही. आता ही पंगत उठेल आणि ती भांडं खाली ठेवून घरी पळेल. श्रीपतीने पानावर हात आडवा धरला. "पुरे," तो म्हणाला. ती थबकली. तो हा शब्द बोलू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती भिकंभटांच्या पानाकडे सरकली.

आणि परात आली. दोघा वाढप्यांनी धरून आणलेली, वर जिलब्यांची रास, पाक ओघळतोय. मांडवात एकदम गलका झाला. मागचे उभे राहिले. "आलं, आलं!" दादासाहेब टाळ्या पिटत होते. आतला आवाज आता ओरडत होता, घे, उद्या नाही, उद्या काही नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा श्रीपतीने त्याला उत्तर दिलं. उद्या गुरुवार, तो म्हणाला. गुरुवारी घरी भात आहे. आणि आज बुधवार आहे आणि मी जेवलो आहे. त्याने शेजारचं फुलपात्र उचललं, उजवा तळहात खोलगट केला, त्यात पाणी ओतलं. समोरच्या एका वृद्ध गृहस्थांना कळलं हा काय करतोय ते, आणि ते "अहो, अहो!" म्हणाले. तोवर त्याने उत्तरापोशन घेतलं होतं. अर्धं पाणी प्याला आणि उरलेलं पानाच्या कडेला सोडलं. एकदा ते पाणी सोडलं की त्या पानावर पुन्हा घास घेता येत नाही. ब्रह्मदेव आला तरी वाढता येत नाही. आयुष्यभर ज्या सोवळ्याने त्याला दुसऱ्यांच्या चुलीपाशी हात पसरून बसवलं, त्यानेच आज त्याच्या पानाला कुलूप घातलं होतं.

पंगतीतल्या वडीलधाऱ्यांआधी उत्तरापोशन घेणं म्हणजे मोठी आगळीक, शिवाय जिलबी पानात पडायच्या आत! दादासाहेबांचा चेहरा लाल झाला. "श्रीपती! अरे, हे काय केलंस? पाहुण्यांसमोर नाक कापलंस माझं!"

"पोट भरलं, दादासाहेब," श्रीपती म्हणाला. या घरात हे दोन शब्द तो कधी बोलला नव्हता. लहानपणी बोलायची छाती नव्हती, आणि पुढे कुणी विचारलं नाही. बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे खरंच आहे की! भरलं आहे. त्याला आत एवढा मोकळा आनंद झाला की दादासाहेबांच्या लाल चेहऱ्याचीही त्याला माया वाटली.

वाढप्याने गोंधळून परात भिकंभटांकडे वळवली. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. भिकंभट जिलब्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनीही तळहातावर पाणी घेतलं. पाणी त्यांच्या बोटांमधून थोडं सांडलं, पण त्यांनी उत्तरापोशन घेतलं, मान वर केली आणि सबंध मांडवाला ऐकू जाईल अशा खणखणीत भटजी आवाजात म्हणाले, "अन्नदात्याचं कल्याण असो. आम्ही तृप्त आहोत!" भटाने तृप्त आहोत म्हटल्यावर मुंजीच्या मांडवात त्याला नाही कसं म्हणणार? शेवटी मागून कुणीतरी हसलं, मग बाकीचे हसले, परात पुढे गेली आणि पंगत आपल्या वाटेने चालू लागली. दादासाहेब फणकाऱ्याने आत गेले. उद्या कचेरीत काय होईल ते होईल, असं श्रीपतीने ठरवून टाकलं.

पंगत उठल्यावर हात धुवून तो घराकडे निघाला, आणि खरी लढाई पाणंदीत सुरू झाली. मांडवात लोक होते, आता कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना गडगे, मधे तो आणि पोटातलं अन्न. ते तिथे बसलं होतं, हलत नव्हतं, आणि तोच आवाज आता लाडीगोडीने बोलत होता: थोडंसंच आहे, काढून टाक, हलकं वाटेल, मग झोप येईल. उजव्या हाताची दोन बोटं सुरसुरत होती. त्याने ती मुठीत धरली. काजूच्या झाडाखाली तो थांबला, पिकल्या बोंडांच्या वासाने त्याला उमासा आला आणि त्याने तो गिळला. घर आलं. परसाची वाट डावीकडे जात होती, शेवगा दिसत होता, आणि पाय सवयीने तिकडे वळले. मुठीतली बोटं दुखायला लागली होती. तो शेवग्यापर्यंत गेला. उभा राहिला. राखेने पांढुरकी झालेली ती माती त्याने पाहिली, कितीदा सारखी केलेली ती, आणि त्याला तिथे वाकलेली मथुरा दिसली, एका हाताने पदर नाकाला लावून, उपाशी. "नाही," तो मोठ्याने म्हणाला आणि वळून मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला.

चूल थंड होती. त्याने काटक्या घातल्या, फुंकर मारली, डोळ्यांत धूर गेला. तांदूळ धुतले, भरपूर पाणी घातलं. भात मऊ व्हायला हवा होता. इतक्या दिवसांच्या रित्या पोटाला एकदम जड सोसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पाणी उकळायला लागलं तसा त्या वासाने घरभर फेर धरला आणि त्याला भीती वाटली नाही. पोटातलं अन्न अजून होतं तिथेच होतं. असू दे, तो त्याला म्हणाला, बस तिथे, तुझंच घर आहे. त्याने मीठ घातलं. मग आपण मीठ विसरलो नाही हे लक्षात येऊन तो एकटाच हसला.

मग बाहेर पावलं वाजली. घाईची, नेहमीची. ती पुढच्या दाराने आली नाही. ती सरळ परसात गेली, राखेचं घमेलं उचलल्याचा आवाज आला, आणि पावलं शेवग्याकडे गेली. तिथे थांबली. श्रीपती चुलीपुढे पळी हातात धरून बसून राहिला. मग बांगड्या किणकिणल्या आणि मागच्या दारात मथुरा आली. घमेलं कमरेवर तसंच, भरलेलं. ती त्याच्याकडे बघत होती, चुलीकडे बघत होती.

"मागे गेला नाहीत?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत त्या जागेचं नाव या घरात पहिल्यांदा निघालं.

"नाही."

"अन् पोट?"

"आहे. भरलेलं आहे." त्याने पळी खाली ठेवली. "ठेव ते घमेलं. पुन्हा उचलायचं नाही."

तिने घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ठेवता ठेवताच ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. रडतानाही तिचा आवाज येत नव्हता, तेही तिने कधीतरी शिकून घेतलं असणार. श्रीपती तिच्याजवळ गेला नाही, कारण भात लागला असता. त्याने दोन पितळी ताटं काढली, दोन पाट मांडले, समोरासमोर. मऊभात वाढला, त्यावर मेतकूट, त्यावर तूप. तिने डोळे पुसले आणि ते दोन पाट पाहिले.

"हे काय भलतंच! तुम्ही बसा, मी मागाहून बसत्ये. तुमच्याच ताटात."

"माझ्या ताटात नको. तुझं ताट ते."

"अहो, येसूबाई बघतील."

"बघू दे. तू घास घेतल्याशिवाय मी घेणार नाही. मी उपाशी राहिलो तर चालेल का तुला?"

ही मात्र वकिली होती, आणि ती तिला कळली. ती ओलसर डोळ्यांनी हसली, पाटावर बसली, पण हात पुढे होईना. नवऱ्यासमोर बसून, त्याच्या आधी जेवायचं. तिने भात कालवला, थांबली, त्याच्याकडे पाहिलं. तो आपला हात मांडीवर ठेवून वाट पाहत होता. मग तिने घास तोंडात घातला. तिने तो चावला, गिळला, आणि तिच्या गळ्यावरून तो खाली उतरताना त्याने पाहिला. मांडवातल्या त्या सगळ्या टाळ्यांनी, एवढ्या वर्षांच्या त्या सगळ्या कौतुकाने त्याला कधी असं वाटलं नव्हतं. त्यानेही आपला घास घेतला, लहानसाच, तिच्या सोबतीपुरता. मेतकुटाची चव लागली, तुपाची लागली. चुलीत निखारे नुसते धुमसत होते, त्यांवर कुणी पाणी मारलं नव्हतं.

उद्या पुन्हा तो आवाज येईल, परवा येईल, हे त्याला माहीत होतं. येऊ दे. त्याला सांगण्यासारखं आता काहीतरी होतं. मथुरेचं ताट रिकामं झालं. तिने कडेची शितं बोटाने गोळा करून खाल्ली. तो उठायच्या बेतात होता, आणि तिने ताट त्याच्याकडे थोडं पुढे सरकवलं. लहान मुलीच्या बांगड्या ताटाच्या काठावर वाजल्या.

"अजून वाढा," ती म्हणाली. "भूक लागल्ये."